डब्याची खंडेनवमी

…नाही, पण मी म्हणतो, पूजा करू नका असं मी म्हटलं होतं का? करा की. विळीची करा, कुकरची करा, माझ्या स्कूटरची करा, तिला तर दरवर्षी हार पडतो आणि त्या एका दिवसापुरती ती पहिल्या किकला चालूही होते. पण ज्या यंत्राचे दिवे लुकलुकतायत, ज्याच्या पोटात काहीतरी घरघरतंय, म्हणजे ते काम करतंय हे उघड्या डोळ्यांना दिसतंय, त्याची पिन भिंतीतून उपटायची, त्याला ओल्या फडक्यानं पुसायचं आणि पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं… तुम्हाला सांगतो, माती या विषयात डॉक्टरेट घेतलेला माणूस मी, वर्गात कधी शब्द अडला नाही, त्या दिवशी दारात उभा राहिलो तो हातात झेंडूच्या फुलांची पिशवी आणि तोंड नुसतं उघडं. आता यात माझं काही चुकलं का? चुकलंच असेल. पण नेमकं कुठं, ते तुम्ही सगळं ऐकून घ्या आणि मग सांगा.

थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला कळायचं नाही. आधी डबा.

डबा आमच्या राजेश्रीनं पाठवला. राजेश्री म्हणजे आमची मुलगी, पुण्याला असते, कॉम्प्युटरमध्येच आहे. बुटाच्या खोक्यापेक्षा लहान, काळा डबा, घरातल्या इंटरनेटच्या वायरीला जोडलेला. घरातल्या कुठल्याही फोनवरून, कॉम्प्युटरवरून त्यात फोटो, कागदपत्रं, काय हवं ते ठेवता येतं. आत दोन डिस्क. जे पहिलीवर लिहिलं जातं तेच त्याच वेळी दुसरीवर. एक बिघडली तर दुसरी आहे. राजेश्री फोनवर म्हणाली, 'बाबा, आता तुम्ही निश्चिंत.' मला कुणी निश्चिंत म्हटलं की मी शंका काढायला लागतो. मी म्हटलं, 'दोन्ही एकदम गेल्या तर?' 'असं नाही होत, बाबा.' 'घराला आग लागली तर?' 'बाबा…' 'चोरानं डबाच उचलून नेला तर?' 'बाबा, काळ्या मातीवरची व्याख्यानं चोर कशाला नेईल?'

म्हणजे बघा, पोटच्या मुलीचं मत.

तर ती व्याख्यानं. मी निवृत्त झालो तरी पाथरीतच राहिलो, कारण बाईंची शाळेतली नोकरी अजून शिल्लक होती. बाई म्हणजे माझी बायको, नर्मदा. सगळी पाथरी त्यांना बाई म्हणते, मीही म्हणतो. लग्नानंतर नावानं हाक मारून बघितली होती, त्यांनी ओ दिली नाही. तर मी रिकामा माणूस, करणार काय? जेवणाच्या टेबलावर माइक ठेवला आणि बोलायला लागलो. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी. काळी माती, तिच्या भेगा, तिचं फुगणं, तिचं आकसणं. वर्षानुवर्षं बोललो. ऐकणारे किती आहेत हे मी कधी मोजलं नाही. म्हणजे एकदा मोजलं आणि परत मोजलं नाही.

आता घर म्हटलं की आवाज आलेच. कुकरची शिट्टी, गल्लीतला भंगारवाला, आणि बाई. माणूस एकटाच भिंतीकडं तोंड करून बोलतोय याला काम म्हणतात हे बाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. मी आपला गंभीर आवाजात, 'काळ्या मातीतला चिकण अंश हा साधारणपणे…' की आतून, 'अहो, मोटार बंद केलात का?' 'साधारणपणे निम्म्याहून अधिक असतो, त्यामुळे…' 'अहो, टाकी वाहायलीय की वरून. ऐकायलात का?' मग मी संध्याकाळी बसून हे सगळं कापायचो. खोकला कापला, कुकर कापला, बाई कापल्या. कापून झालं ते एका फोल्डरमध्ये, त्याचं नाव 'शुद्ध'. आणि न कापलेलं दुसऱ्या फोल्डरमध्ये, त्याचं नाव 'कच्चं'. पुसायचं ठरवून ठेवलेलं होतं. पण माझा स्वभाव असा की पुसण्याआधी एकदा तपासावं, आणि तपासायचं म्हणजे परत सगळं ऐकावं लागतं, आणि स्वतःची व्याख्यानं परत ऐकण्याइतका धीर माझ्यात कुठला? राहिलं तसंच.

मग बाईंच्या घशाचं निघालं. नांदेडला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तीन वर्षं झाली त्याला.

हे मी झटकन सांगून टाकतो, कारण हळू सांगायला लागलो तर माझंच मला जमत नाही.

बाईंनी शाळेतली पाटी काढली. पेन्सिलची पाटी, लाकडी चौकटीची. आता बोलायचं ते पाटीवर. पण नुसतं लिहून त्यांचं समाधान होत नाही, मी ते मोठ्यानं वाचायचं. मनात वाचलं तर पाटीवर पेन्सिल ठोकतात. इतकी वर्षं पोरांकडून मोठ्यानं वाचून घेतलेली बाई. म्हणजे माझी परिस्थिती काय झाली, लक्षात घ्या. 'टॉवेल पलंगावर कुणी टाकला? अक्कल गहाण ठेवलीय का?' हे मला माझ्या तोंडानं, स्वच्छ उच्चारात, स्वतःलाच म्हणावं लागतं. पूर्वी निदान ऐकलं नाही असं करता यायचं.

आणि एक दिवस मी काहीतरी शोधायला म्हणून 'कच्चं' उघडलं, आणि त्यातून आवाज आला, 'अहो, ऐकायलात का?'

मी 'हो' म्हणून उठलो होतो. खुर्चीतून उठून उभा. मग लक्षात आलं.

तुम्हाला सांगतो, लग्नाच्या कॅसेटमध्ये बाई बोलत नाहीत, बँडच वाजतोय. फोनवरच्या फिल्ममध्ये नातवंडं किंचाळतायत. आमच्या घरात बाईंचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही. मी जो कापून टाकत होतो, तेवढाच आहे. आणि हे मी कुणालाच सांगितलं नाही. राजेश्रीला नाही, बाईंना तर नाहीच. कसं सांगणार? तुमचा आवाज मी जपून ठेवलाय असं म्हणायचं, तर आता तो नाही हे आधी म्हणावं लागतं. ते आमच्या घरात कुणी म्हणत नाही. आता यात माझं काही चुकलं का? चुकलंच असेल. पण मी गुपचूप आठवड्यातून एकदा ऐकायचो. कानात घालून. बाईंना वाटायचं, म्हातारा स्वतःचीच व्याख्यानं ऐकायलाय, आणि त्या पाटीवर लिहायच्या, 'आत्मस्तुती पुरे.' आणि मी ते मोठ्यानं वाचायचो.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना डबा भरला. मुलीचे फोटो, नातवंडांचे फोटो, पुतण्याच्या लग्नाची आठ तासांची फिल्म, त्यातले दोन तास मंगलाष्टकं सुरू व्हायची वाट बघणारी माणसं. फोनवर रोज निरोप यायला लागला, जागा संपत आली आहे. आता हा निरोप मला आला तर मी झोपेन का? शेजारच्या सितारामला सांगितलं. एस.टी.त होता, निवृत्त झालाय, त्याला कशाचीच फिकीर नाही. म्हणाला, 'डॉक्टर, पुसून टाका की अर्धं. मी दर अमावशेला फोनमधलं सगळं पुसतो बगा. डोकं हलकं राहतंय.' राजेश्रीला विचारलं. ती म्हणाली, 'बाबा, ते कच्चं नावाचं फोल्डर आहे ना, तेच एक अवाढव्य आहे. तीच व्याख्यानं दोनदा. उडवू का?'

मी इतक्या जोरात नाही म्हणालो की बाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

'मग मोठ्या डिस्क घ्या,' राजेश्री म्हणाली. 'मागवते मी. तिथं कुणीतरी बसवून देईलच. पण त्याआधी एक वेगळी प्रत काढून ठेवू.' आणि तिनं पुण्यात बसल्या बसल्या, आमच्याकडं पडलेल्या एका जुन्या छोट्या डिस्कवर सगळ्याची प्रत काढली. सगळ्याची म्हणजे, जागा कमी पडत होती म्हणून 'कच्चं' सोडून. 'ते डुप्लिकेटच आहे ना, बाबा, ते नाही घेतलं.' मी काय म्हणालो? 'बरं,' म्हणालो. तोंडाशी आलं होतं. पण बाई समोर भाजी निवडत बसल्या होत्या.

आता भागवत. भागवतचं एस.टी. स्टँडजवळ दुकान आहे, मोबाईल, कॅमेरे, कॉम्प्युटर सगळं करतो. करतो त्याहून जास्त बोलतो. डबा बघितला आणि म्हणाला, 'सर, हे तर लय सोपं काम हाय. एक जुनी डिस्क काढायची, तिच्या जागी नवी मोठी घालायची. राहिलेली जुनी नवीला सगळं सांगती. उद्या संध्याकाळपर्यंत सांगून होतंय. मग दुसरी जुनी काढायची, तिथं दुसरी नवी. झालं. तुमी उगं चेहरा करू नका.' मी म्हटलं, 'म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत सगळं त्या एका जुन्या डिस्कवर?' 'हाव.' 'आणि ती मधेच थांबली तर?' 'सर, सात वर्षं थांबली न्हाई, उद्याच कशाला थांबंल? उगं वाईट बोलू नये.'

आणि जाताना काढलेली डिस्क पिशवीत घालून म्हणाला, 'ही मी नेतो. मोंढ्यात एका आडतीवर कॅमेरे बसवायलोय, सोयाबीन यायच्या आत पायजेत त्यास्नी. पुसून तिथं रेकॉर्डिंगला लावतो. तुमाला कशाला पायजे ही?' मला खरंच कशाला हवी होती? विचार करून उत्तर द्यावं असा मी माणूस. उत्तर सापडेपर्यंत त्याची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळली होती.

मी मात्र माझी तयारी केली होती हं. नाही म्हणू नका. इन्व्हर्टरमधलं पाणी बघितलं. सितारामला विचारलं, लाईट जाणार आहे का. डब्याला ऊन लागू नये म्हणून खिडकीला चादर लावली. मांजर येऊ नये म्हणून दार लोटलं. सगळं बघितलं, फक्त कॅलेंडर बघितलं नाही. कारण मी सणवार मानत नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

सकाळी बाईंनी मला फुलं आणायला पाठवलं. सणवार मानत नसलो तरी फुलं मीच आणतो. बाजारात झेंडूचे ढीग, सगळ्या गाड्या धुतलेल्या, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत, त्यांच्या कोयत्यांना धार लावून, कुंकू लावून ओळीनं ठेवलेले. मला बरं वाटलं ते बघून. मनात म्हटलं, वर्षभर राबणाऱ्या हत्याराला एक दिवस हात लावायचा नाही, किती शहाणपणाची रीत आहे. हे मी मनात म्हणत होतो, तेव्हा घरी बाईंनी पिन उपटली होती.

दारातून दिसलं ते सांगितलंच मी तुम्हाला. पाट. पाटावर विळी, कात्री, पाना, मातीचे नमुने काढायचं माझं जुनं गिरमिट, आणि मधोमध मानाच्या जागी डबा. पाच बोटं हळदीची, पाच बोटं कुंकवाची. एकही दिवा नाही. माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणजे त्या क्षणी आमच्या घरात बोलणारं कुणीच नव्हतं.

बाईंनी पाटी पुढं केली. मी बघत राहिलो तर पेन्सिल ठोकली. वाचलं. मोठ्यानं. 'सात वर्षं रात्रंदिवस चालू आहे. आज एक दिवस त्याला विसावा. डोळे मोठे करू नका, तुमच्या गिरमिटालाही वाहिलंय.'

त्यांनी अवजार म्हणून त्याला जो मान दिला तो कधी मीही दिला नव्हता.

मी पिन लावली. एक दिवा हिरवा आला. तो नव्या डिस्कचा, तिला अजून अर्धवटच सांगून झालेलं. दुसरा लाल. आणि डब्यानं शिट्टी मारायला सुरुवात केली, टीं… टीं… टीं… जुनी डिस्क फिरेना. सात वर्षं अखंड फिरली, एकदा थांबली, आणि परत फिरायला तिनं नकार दिला. याचं मला आश्चर्य वाटलं नाही. निवृत्तीनंतर मी एक महिना नुसता बसून काढला होता, परत उठायला काय लागतं ते मला माहीत आहे.

राजेश्रीला फोन लावला. दुसऱ्या हातात अजून फुलांची पिशवी, म्हणून स्पीकरवर. बाई शेजारी उभ्या. 'बाबा, घाबरू नका. बॅकअप काढलाय ना आपण? फोटो आहेत, कागद आहेत, व्याख्यानं आहेत. गेलं काय, तर फक्त ते कच्चं. ते तसंही आपण…'

'त्यात तुझी आई आहे,' मी म्हणालो.

'म्हणजे?'

'आवाज. मधे मधे. मोटार बंद करा, जेवायला या… तेवढाच आहे. दुसरीकडं नाही.'

डबा तेवढा टीं… टीं… मी बाईंकडं बघितलं नाही. मी गिरमिटाकडं बघत होतो. मला वाटलं, आता पाटीवर काहीतरी येईल. पेन्सिलचा आवाज ऐकायला कान लावून उभा होतो. आला नाही. बाईंनी पदरानं पाटी पुसली. तिच्यावर काही नव्हतंच, तरी पुसली. वरून खाली, परत वरून खाली.

मग राजेश्रीच म्हणाली, एकदम बदललेल्या आवाजात, 'बाबा, काल काढलेली डिस्क कुठाय? तिच्यावर सगळं आहे. दोन्हीवर तेच असतं ना? तीच परत घातली तर सगळं परत येईल.' 'भागवतनं नेली.' 'कशाला?' 'पुसायला.' तुम्हाला सांगतो, मुलीनं बापाला काय म्हणावं याला मर्यादा असते, ती त्या दिवशी तिनं पाळली, पण तिला फार कष्ट पडले.

भागवतला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. बाई तोवर चपला घालून बाहेर उभ्या. स्कूटरला नुकताच हार घातलेला, आज तीही अवजार, पण बाईंनी तिचा हार काढला, हँडलवरून माझ्या हातात दिला आणि मागं बसल्या. पहिल्या किकला चालू झाली. ते मी आधीच सांगितलंय, त्या दिवशी होते.

भागवतचं घर म्हणजे आमच्यापासून लांब नाही, पण त्या रस्त्यात मी काय काय बघितलं मनात… आडत्याच्या दुकानात ती डिस्क, तिच्यावर सोयाबीनची पोती, पोत्यांवर बसलेली माणसं, रात्रंदिवस सोयाबीनच. आणि त्या सोयाबीनच्या खाली बाई.

घरात शिरलो तर ओसरीवर चटई अंथरलेली. तिच्यावर भागवतचे सगळे पेचकस, पकडी, ड्रिल मशीन, वायरींची भेंडोळी, त्याचा मोबाईलसुद्धा, आणि सगळ्यांवर झेंडू. भागवत नवा शर्ट घालून हात बांधून बसलेला, जसा काही त्यालाही कुणी मांडून ठेवलंय. 'या सर, या बाई. फोन का? फोन बी हत्यारच की सर, आईनं घेतला. उद्या सोनं लुटल्यावर मिळंल.' मी म्हटलं, 'माझी डिस्क.' आणि लगेच, 'पुसलीस का?'

'कालच पुसणार होतो,' तो म्हणाला. मी ओसरीच्या कडेला बसलो. 'पण दुकानातून आलो तर आईनं पिशवीच हातातून घेतली. म्हणली, आधी सगळं धुवू पुसू दे. ती काय, तिथं हाय की.'

होती. पकडी आणि ड्रिल मशीन यांच्या मधे. कुंकवाचं बोट लावलेली, वर अर्धं झेंडूचं फूल. कोरडीच पुसली होती, देवाची कृपा म्हणतात तसं काहीतरी असेल. मी हात पुढं केला तशी भागवतची आई, सारजाबाई, आतून आल्या. 'हां हां सर. हात लावायचा न्हाई. पूजेतलं हाय. उद्याच्याला उचलायचं.' मी म्हटलं, 'सारजाबाई, फार महत्त्वाचं आहे हो.' 'असंल की. समदंच महत्त्वाचं असतंय, म्हणून तर पूजतो.'

बाईंनी पिशवीतून पाटी काढली आणि भराभर लिहिलं. सारजाबाईंना वाचता येत नाही, म्हणजे परत मीच. वाचलं. 'हे आज झोपणार नाहीत आणि मलाही झोपू देणार नाहीत. दर घटकेला उठून विचारतील, पाऊस आला तर, उंदीर आला तर. यांना इथंच ठेवून जाते.'

सारजाबाई हसायला लागल्या. 'ठिवा की बाई. ती पकड जरा सरकवते, बसतील तिथं. हळदकुंकू बी हाय उरलेलं.' मग बाईंकडं बघितलं त्यांनी, नीट. बाईंनी पाटीवर आणखी काही लिहिलं नव्हतं. नुसत्या त्या डिस्ककडं बघत उभ्या होत्या. सारजाबाईंनी विचारलं, 'भागवत, ही आपली का त्यायची?' 'तशी त्यायचीच. मी नेली होती.' 'मग आपल्या हत्यारात दुसऱ्याचं कशाला मांडलास? त्यायचं त्यायच्या पाटावर पायजे. न्या बाई. तुमी उचला, सरांचे हात कापायलेत.'

आणि बाईंनी ती उचलली. पदरात घेतली. फुलासकट. आता यात माझं काही चुकलं का? चुकलंच असेल, पण त्या घडीला कुणी काढलं नाही.

भागवत मात्र काही केल्या पेचकसाला हात लावेना. 'सर, कापून टाकंल आई.' त्यामुळं एक दिवस ती डिस्क आमच्या पाटावर, डब्याशेजारी. दसऱ्याला दुपारी आपट्याची पानं हातात देऊन तो आला, नव्या शर्टाच्या बाहीनं कुंकू पुसलं, डिस्क आत सरकवली. आधी काहीच नाही. मग घरघर. मग हिरवा दिवा. भागवत म्हणाला, 'बगा, म्हणलं नव्हतं का मी? लय सोपं काम हाय.'

मोठ्या डिस्क बसल्या, जागा वाढली, सगळं परत आलं. आणि संध्याकाळी बाई येऊन टेबलापाशी बसल्या. पाटीवर एकच शब्द. मी वाचला. 'लावा.'

मी लावलं. भेगांवरचं व्याख्यान. काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, वरचं भेगेतून खाली जातं, पावसाळ्यात ती फुगते आणि खालचं परत वर येतं, असं काहीतरी मी बोलत होतो, आणि मागून, लांबून, फोडणीच्या आवाजातून, 'अहो, वाढलंय. या.'

बाई हलल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर. पुढं मी रेकॉर्डिंगमध्ये म्हणतो, 'आलोच.' आणि परत माती. मग परत त्या, 'गार व्हायलंय.' मी, 'हो, हो, दोन मिनिटं.' आणि परत माती, खूप वेळ माती. शेवटी त्या म्हणतात, हळू, स्वतःशीच म्हणाव्यात तसं, 'जेवते मग मी.' आणि व्याख्यान संपतं.

माझी मान खाली. पाटीवर पेन्सिल चालली. वाचलं. 'मग आलात का?'

मी म्हटलं, आलो असेन. रेकॉर्डिंग तिथंच संपत होतं, पुरावा कसलाच नव्हता. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसतात तेव्हा आता तेवढंच होतं. खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवशी हसण्यापेक्षा जरा जास्त आलं. मग त्यांनी परत पाटीवर लिहिलं, 'पुढचं.' त्या आठवड्यात आमच्या घरात जेवढी माती ऐकली गेली तेवढी मी वर्गातही शिकवली नसेल.

इथं संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण राजेश्री दिवाळीला आली. तिनं आईला विचारलं, यातले कुठले तुकडे कापून तुझ्या फोनवर देऊ, बटण दाबलं की वाजतील असे. मला वाटलं, बाई एखादा गोड निवडतील. आहे तसा एक. मला ताप होता, मी तरी बोलतोय, आणि त्या येऊन म्हणतात, 'बोला, पण घोटभर पाणी घ्या आधी.' तो निवडावा ना? नाही. तो म्हणे तुम्हीच ठेवा. आणि निवडले कुठले? 'मोटार बंद केलात का.' 'टॉवेल उचला.' 'पुरे की आता.' माझ्या बोलण्यातून कापून मी त्यांना बाहेर काढत होतो, आता मला कापून त्या बाहेर आल्यात, आणि आवाज काय सांगू तुम्हाला, तरुण, ठणठणीत, सितारामच्या घरापर्यंत जातो. सिताराम दारात येऊन म्हणतो, 'डॉक्टर, बाई लय दिवसांनी बोलायल्या.' आणि मी म्हणतो, हो.

'अहो, किती वेळ बोलणार आहात?'

ऐकलंत? आतून. हे वाक्य तर कमीत कमी बारा वर्षांपूर्वीचं आहे, आणि अजून एक अक्षर शिळं झालेलं नाही. जातो मी. पूर्वी दोन-तीन हाका मारून बाई दमायच्या, आता फोन दमत नाही. सितारामनं परवा हळूच सुचवलं, डॉक्टर, त्या बटणाचं काही बिघडवता येतं का बघा. म्हटलं, काही उपयोग नाही रे. त्याची एक प्रत डब्यात आहे, एक पुण्याला आहे आणि एक भागवतच्या दुकानात कुलपात आहे. तिन्ही मीच ठेवल्यात.